अर्ध्या होडीचे दोन मालक

बाप गेल्यावर भावांनी घर वाटलं, भांडी वाटली, इथवर कुणी नावं ठेवली नसती. या दोघांनी शर्यतीची होडीच वाटून घेतली. कॅटामरान ती, दोन लांबट होड्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मधोमध शीड. डावी थोरल्याला, उजवी धाकट्याला. शीड थोरल्यानं स्वतः शिवलेलं, म्हणून धाकट्यानं हट्टानं तेच मागून घेतलं.

थोरल्याचा धंदाच शिडं शिवायचा. मांडीवर ताडपत्री, तळहाताला चामड्याची पट्टी, दातांत मेण लावलेला दोरा. भावाला शिवी द्यायची तर आधी तो दोरा काढावा लागे. काढायचा बिचारा, दिवसातून कितीदा तरी.

अशात बंदरावरच्या दोरखंडवाल्या बाईंनी किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी, वर्षानुवर्षं बंद पडलेली लांब पल्ल्याची शर्यत पुन्हा काढली. दोरखंड खपावा म्हणून, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातंय! धाकटाही उतरणार अशी कुणकुण लागताच थोरल्यानं मात्र मनाशी खूणगाठ बांधली: पहिला नंबर गेला खड्ड्यात, शेवटच्या बंदरात धाकट्याच्या आधी पोचायचं.

मग उरलेली अर्धी मागायला तो भावाच्या दारात गेला. धाकट्यानं तिचं अंगणात बाकडं केलं होतं, त्यावर भावजय पाय पसरून बसलेली.

"बसायचं असेल तर बसा, भाऊजी. न्यायचं असेल तर माझ्यासकट न्या."

"एवढं वजन होडीला पेलायचं नाही!"

आतून धाकटा ओरडला, "दादा, तुझीच अर्धी पाठवून दे. मी नाव नोंदवलंय."

"तू? तुला धड सायकल वळवता येत नाही!"

झालं. दोघांनी चिडून आपापल्या अर्धीला नवी जोडीदारीण बांधली. बाईंना एकीच्या जागी दोन होड्या मिळाल्या. त्यांनी दोघांनाही दोरखंड विकला.

पण रागाच्या भरात एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. जुनं वाळलेलं लाकूड पाणी पिऊन जड होतं, नवं ताजं रंगवलेलं हलकंच राहतं. थोरल्याची होडी सारखी डावीकडे ओढ घेई, धाकट्याची उजवीकडे, आणि थोरला होता नेमका भावाच्या उजव्या अंगाला. बाकीच्या होड्या सरळ जात होत्या, हे दोघे मात्र एकमेकांच्या अंगावर. शेवटच्या टप्प्यात धडकलेच. दांडे एकमेकांवर आपटले, धाकट्याचं शीड थोरल्याच्या डोलकाठीला गुंडाळलं.

"काप तुझं शीड!" थोरला गरजला.

"तुझी काठी मोड की! थोरला ना तू?"

दोघांच्याही खलाशांनी कपाळाला हात लावला. मागच्या होड्या हसत पुढे निघून गेल्या. थोरल्यानं चाकू काढला आणि भावाचं शीड वरपासून खालपर्यंत टराटरा फाडलं.

"दादा! अरे, तूच शिवलंयस ते!"

"म्हणूनच! दुसऱ्याला फाडू देईन का?"

मोकळा होऊन थोरला वाकडातिकडा बंदरात शिरला. दुसऱ्याचं शीड कापलं म्हणून पंचांनी त्याला बाद केलं, त्याचं नाव फळ्यावरून पुसलं. धक्क्यावर त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"काय मिळालं हो एवढं करून?"

धाकट्याला ओढून आणणारी लाँच लांबवर दिसत होती. थोरला तिच्याकडे तोंड करून धक्क्यावर ऐसपैस बसला.

"बाजूला हो," म्हणाला, "नीट दिसत नाहीये."