खांद्यावरचे बोट

डेलमर प्रुइटचे कान लाकडाच्या गिरणीने खाल्ले. एकतीस वर्षे तो करवतीशेजारी उभा राहिला आणि कानात बोळे घाल म्हणणाऱ्याला हसत राहिला. साठी उलटली तेव्हा ढगांचा गडगडाटही त्याला छातीत जाणवायचा, कानाला नाही. मग ऐकण्याचे सगळे काम त्याच्या बायकोकडे, ओलेटाकडे आले. रविवारचे प्रवचन, दुकानदाराचे भाव, टेक्ससहून येणारा लेकीचा फोन, सगळे ती आधी ऐकायची आणि मग त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून सांगायची. इतर कोणाचे ओठ त्याला वाचता येत नसत. खरे तर त्याने तसा प्रयत्नच केला नाही, कारण गरज पडली नव्हती.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरांत एप्रिल लागला की पुरुषांना टर्की पक्ष्याच्या शिकारीचे वेड लागते, आणि बहिरा झाला म्हणून कोणी त्यातून सुटत नाही. पण रानटर्कीची शिकार म्हणजे निम्मे काम कानांचेच. पहाटे झाडावर बसलेला नर गळा खळखळवतो, त्यावरून त्याची जागा धरायची आणि मादीचा आवाज काढून त्याला बंदुकीच्या टप्प्यात आणायचे. म्हणून ओलेटाही जायची. ओकच्या बुंध्याला टेकून डेलमर मादीसारखा आवाज काढायला देवदाराच्या डबीवर झाकण घासायचा. आपण काढलेला आवाज त्याला ऐकू येत नसे, हाताला लागणाऱ्या थरथरीवर तो अंदाज बांधायचा. ती जरा मागे बसून त्याच्या खांद्यावर बोट ठेवायची. नर उजवीकडे ओरडला तर उजवा खांदा, डावीकडे तर डावा. लांब असला तर नुसता स्पर्श, जवळ आला तर दाब. तिला शिकारीचे काडीचे प्रेम नव्हते. गुडघे धरायचे, गोचीड चिकटायचे. पण नवरा मुकाट्याने आपले ऐकतो अशी ही एकच जागा होती, आणि ती सोडायला ओलेटा काही खुळी नव्हती.

तीन वसंत दोघे एकाच नराच्या मागे होते. गावाने त्याचे नाव पाद्री ठेवले होते, कारण तो टेकडीवरून प्रवचन झोडायचा, पण खाली कोणाच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. त्याच्या डाव्या पायाचे मधले बोट तुटलेले होते, त्यामुळे चिखलातला त्याचा ठसा कोणीही ओळखायचा.

तिसऱ्या वसंतानंतरच्या हिवाळ्यात डेलमरचा भाऊ गेला. पाठोपाठ त्याला स्वतःला खोकला लागला, तो हटेना. खिडकीशी खुर्ची ओढून तो दिवस दिवस बसून राहू लागला. दाढी नाही, आंघोळ नाही, समोरची उसळ गार होऊन जायची. "एप्रिल येऊ दे, पाद्रीकडे बघतो," एवढेच कधीतरी बोलायचा. ओलेटाने सगळी आशा त्या एप्रिलवर ठेवली होती.

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी डेलमरला ताप होता, म्हणून ती दोघे घरीच राहिली. दुपारी शेजारचा हॉयट अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात मारलेला पक्षी पडला होता.

"काकू, बघा तरी. पाद्रीच आहे. चालत माझ्या पुढ्यात आला हो."

ओलेटाने पक्ष्याचा पाय उचलून पाहिला. मधले बोट नव्हते.

"हे त्याला सांगू नकोस, हॉयट. कोणालाच सांगू नकोस."

"अहो, पण मी शेपूट दुकानात टांगणार होतो."

"पुढच्या महिन्यात टांग. तुझ्या आईला तीन महिने माझ्या हातानं भरवलंय, तेवढ्यासाठी तरी तोंड बंद ठेव."

हॉयटने तोंड बंद ठेवले.

दुसऱ्या पहाटे डेलमर दाढी करून निघाला. ओकखाली उजाडू लागले. टेकडी मुकी होती. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले, आणि कितीतरी महिन्यांनी त्या चेहऱ्यावर जीव दिसत होता. ओलेटाने बोट उचलून त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवले.

मग ते रोजचेच झाले. घरी येऊन तो चार अंडी खायचा आणि विचारायचा, "आज किती वेळा ओरडला?" ती दोनदा म्हणायची. एकदा भरात पाच सांगून बसली आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालत राहिली.

दहाव्या दिवशी तो ओढ्याकाठी वाकून चिखल न्याहाळत होता.

"एकसुद्धा ठसा नाही," तो ओरडला. हळू बोलायला गेला की त्याचे असेच व्हायचे.

"वरच्या अंगानं फिरत असेल."

"चिखल म्हणतो नाही, तू म्हणतेस आहे." तो हसला. "चालेल. एक्केचाळीस वर्षं संसार काही मी चिखलाशी केला नाही."

तिथेच सांगून टाकावे असे तिला वाटले. तिने सांगितले नाही. तिचे चुकले ते इथे, त्याआधी नाही.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी तिचे बोट सवयीने उजव्या खांद्यावर होते. एवढ्यात डावीकडून, चाळीस पावलांवरून, एक नर इतक्या जोरात खळखळला की तिच्या बरगड्या हलल्या. डेलमरच्याही हलल्या. इतक्या जवळून बहिऱ्यालाही कळते. तो ताठ झाला. बोट अजून उजवीकडेच होते. तिने घाईने डावा खांदा दाबला, तो बंदुकीसकट वळला, आणि टर्कीसमोर हलणाऱ्या माणसाचे जे होते तेच झाले. फडफड झाली आणि पक्षी दिसेनासा झाला.

डेलमर उठून तिथवर गेला. ओल्या मातीत डाव्या पायाचा ठसा होता. तिन्ही बोटे शाबूत.

"हा तो नव्हे. पाद्री कुठाय?"

"हॉयटनं मारला. पहिल्याच दिवशी."

तिला ते दोनदा म्हणावे लागले.

"मग वीस दिवस मी कोणाला बोलवत होतो?"

"तू खुर्चीतनं उठत नव्हतास, डेलमर. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तुला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "मला येत नव्हतं."

तो भांडला असता तर तिनेही चार सुनावले असते. तो भांडला नाही. लेकीचा फोन आला आणि ती सांगू लागली, तर तो "बरं" म्हणून उठून गेला. चर्चमध्ये ती त्याच्याकडे वळली, तर तो समोर पाहत बसला. मे संपेपर्यंत त्याच्या खिशात एक लहान वही आली, आणि लोक त्याला सांगायचे ते त्यात लिहू लागले.

जूनमध्ये खोकल्यातून रक्त पडले तेव्हा ती त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरबाई छातीचा फोटो दिव्यावर लावून बराच वेळ बोलल्या. ओलेटाने या वेळी एकही शब्द गाळायचा नाही असे ठरवले होते. ती नवऱ्याकडे वळली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "फुप्फुसात गाठ आहे. मोठी आहे. कापता येणार नाही. नाताळपर्यंत, म्हणतायत."

डेलमरने तिचे ओठ शेवटपर्यंत पाहिले. मग खिशातली वही काढून डॉक्टरबाईंपुढे सरकवली.

"तुम्ही लिहा," तो म्हणाला.

डॉक्टरबाई गोंधळल्या. "पण यांनी आत्ता सांगितलं ना," त्या ओलेटाकडे बघून म्हणाल्या. "अगदी जसंच्या तसं सांगितलंत तुम्ही."

हे मात्र तिला स्वतःच्या ओठांनी त्याला सांगता येईना.