जावयाचे मासे आणि वाटीभर चुना

आयुष्यभर मी मासे विकले. ते जिवंत ठेवायची वेळ एकदाच आली, आणि तीही जावयाच्या घरी.

आम्ही नागभीडचे ढिवर, तलावातले मासे धरणारे. जावई कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांनी काचेची मोठी पेटी ठेवून तिच्यात समुद्र केला होता. (खरा समुद्र मी आजवर पाहिला नाही.) त्याचं मीठही वेगळं, मुंबईहून मागवलेलं. आणि एवढ्या थाटात राहत कोण होतं? नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले बोटभर लांबीचे दोन मासे! असले मासे आमच्या बाजारात वजनाला वर टाकून देतात.

जावयांना ट्रेनिंगला जायचं होतं, मुलगीही सोबत निघाली. घर राखायला आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आलो. मासे शेजाऱ्यांकडे सोपवावे असं जावयांच्या मनात होतं. मी म्हटलं, "जवाईबापू, माशातलं शेजाऱ्याले समजन का मले?"

मग त्यांनी मला पीएच शिकवला. रोज कुपीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग कार्डाशी जुळवायचा. जांभळा आला, म्हणजे आठाच्या थोडा वर, तर पाणी ठीक. पिवळ्याकडे झुकला तर पाणी आंबट. मग त्यांना विचारून सोड्याची पूड टाकायची. मुलीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, मुंबईहून मांडीवर धरून आणले त्यायनं हे मासे. तुह्या हातानं मेले तर मले जन्मभर ऐका लागन."

दिवस थंडीचे. आमचे म्हातारबुवा नागभीडहून पोत्यात घालून शेकायची गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, घेऊन आले होते. (कपड्यांची पिशवी घरीच राहिली.) त्यांनी पुढच्या खोलीची दारं-खिडक्या लावल्या, पेटीजवळच कोळसे पेटवले आणि कॉलनीतले तीन म्हातारे गोळा केले. सगळे बिड्या ओढत मासे बघत बसायचे. टीव्हीपेक्षा हे बरं, मध्ये जाहिराती येत नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

सकाळी रंग पिवळट. फोनवर जावई म्हणाले, अर्धा चमचा पूड टाका. टाकली. रंग सुधारला, दुसऱ्या सकाळी पुन्हा पिवळट. पुन्हा पूड, पुन्हा पिवळा. जावयांचा आवाज बारीक झाला. मी पाण्यात दुसरं काही तर टाकत नाही ना, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. मला ते झोंबलं. त्यात मासे वर येऊन तोंड वासायला लागले.

आमच्या तलावाचं पाणी असं बिघडलं की आम्ही चुना टाकतो. क्वार्टरमागे रंगकामातून उरलेलं चुन्याचं पोतं होतंच. तलावाला पोती लागतात. मी आपला वाटीभरच टाकला. (वाटीही मोठी नव्हती.)

समुद्राचं दूध झालं. कुपीतला रंग तर कार्डावरच्या शेवटच्या रंगालाही मागे टाकून गेला. म्हातारबुवांनी पेटीत डोकावून विचारलं, "दही लावून राह्यली काय?"

मी कोपरापर्यंत हात घातला आणि दोन्ही मासे एकाच झटक्यात धरले. या सगळ्या प्रकरणात मला धड जमलेलं काम तेवढंच. मागच्या अंगणात जावयांनी खाऱ्या पाण्याचा जादा ड्रम भरून ठेवला होता. हाताला लागला तो भाजी शिजवायचा गंज घेतला, त्यात ते पाणी ओतलं आणि मासे सोडले. थंडीनं गारठतील म्हणून गंज गॅसच्या बाजूला ठेवला. मांजर येईल म्हणून वर ताट झाकलं. मग आमच्या जेवणाचं बघायला लागले. बाजारातून रोहू आणला होता, त्याचा मसाला वाटायला बसले.

तेवढ्यात जावई दारात! फोनवरून काळजी वाटली म्हणून दोघं आधीच निघून आले होते. त्यांनी पांढरी पेटी पाहिली आणि तसेच स्वयंपाकघरात आले. माझे हात कोपरापर्यंत मसाल्यात.

"आई, मासे कुठी हायेत?"

"गंजात."

जावई खाली बसले. मुलीनं कपाळाला हात लावला. "आई, निदान आमची वाट तर पाह्याची होती."

"झाकण काढून पाहा ना," मी म्हटलं. जावयांचा हात उचलेना. शेवटी मुलीनं डोळे बारीक करून ताट सरकवलं. दोन्ही मासे मजेत फिरत होते. जावयांनी कुपीत ते पाणी घेऊन थेंब टाकले. रंग आला छान जांभळा.

मग ते पुढच्या खोलीत गेले आणि खोकतच परत आले. सगळ्या खिडक्या उघडल्या. बंद खोलीत कोळसे, बिड्या आणि चार माणसांचे श्वास. ती खराब हवा पाण्यात मुरते आणि पाणी आंबट होतं, असं त्यांनी समजावलं. तोवर पूड कितीही टाका, उपयोग नाही. म्हातारबुवा लगेच म्हणाले, "मी तर हिले कधीचा म्हणून राह्यलो, खिडकी उघड."

जावई मला एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या थंडीत त्यांना पुन्हा बाहेरगावी जायचं होतं. मासे त्यांनी ठेवले ते शेजारच्या अशा घरी, जिथं कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही.

मी म्हटलं, "जवाईबापू, त्यायले माशातलं काय समजते?"

"काहीच नाई, आई," जावई म्हणाले. "म्हणूनच."