भानुदासकाका आणि चाकातलं बेरिंग

चाकाचा कणा काढून झाला तरी भानुदासकाका लगेच हत्यार उचलत नसत. चाक मांडीवर घेत, मधल्या हबच्या भोकात करंगळी घालून ती हळूहळू फिरवत राहत. समोर उभ्या गिऱ्हाइकाने घाई केली तर मान वर न करता म्हणत, "आत टेकायला जागा हाय का बगतोय. जागा असली तर सुंबा, नसली तर बोल्ट. आधी ठरवायचं, मग ठोकायचं." सुंबा म्हणजे बेरिंगच्या मागे टेकवून ठोकायची लोखंडी कांडी.

आष्टीच्या बाजारतळाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं सायकलचं दुकान होतं. बायको वारलेली, एकुलती मुलगी जालन्याला दिलेली. गुडघे कामातून गेले होते, म्हणून एकदा पोत्यावर बसले की जेवायलाच उठत. मला पाहिलं की लोक नमस्कार म्हणतात तसं ते म्हणत, "थकलो, बाई." त्यावर काही बोलायचं नसे. एकदा त्यांनीच पुढे सांगितलं, "सगळ्यांनी फटफट्या घेतल्या. आता सायकल आणणारा थकलेला अन् दुरुस्त करणारा बी थकलेला."

माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. हाताने फिरवायच्या तीनचाकीवर मी घरापासून दीड किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जाते. बेरिंग झिजलं की चाक कर्रकर्र करतं आणि ओढाताणीने खांदे इतके भरून येतात की फळ्यावर लिहायला हात वर जात नाही. दरवर्षी एकदा तरी ही वेळ येई.

माझ्या गाडीचे हब ओतीव अॅल्युमिनियमचे. त्यात बेरिंग घट्ट बसलेलं आणि मागे सुंबा टेकवायला जेमतेम नखाएवढी कड. त्यासाठी काकांनी स्वतःच एक हत्यार केलं होतं. एका जाड बोल्टचं टोक करवतीने मधोमध चिरलेलं आणि सोबत लोखंडी पाचर. चिरलेलं टोक बेरिंगच्या भोकात सरकवायचं, पलीकडून पाचर ठोकायची. टोक फुलून बेरिंगला आतून धरतं आणि पुढच्या ठोक्यांनी त्याला सरळ बाहेर घेऊन येतं. सुंब्याचं तसं नाही. तो एका बाजूलाच मारतो. बेरिंग तिरकं झालं की हबवर ताण येतो.

हे त्यांनीच मला समजावलं होतं. तरी एका बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, त्यांनी माझ्या चाकाला सुंबा लावला. तिसऱ्या ठोक्याला हब तडकला. चाक तसंच मांडीवर ठेवून त्यांनी तडा बोटाने चाचपला.

मी म्हटलं, "जुनाच होता, काका. कधीतरी जाणारच होता."

"न्हाई, बाई. बोल्ट त्या कोपऱ्यातल्या पेटीत हाय. उठायचा कंटाळा केला. सुंबा हाताशी होता म्हणून उचलला." मग हळूच म्हणाले, "चाक तुमचं मोडलं अन् कंटाळा माझा."

नवा हब नगरहून यायला आठ दिवस लागणार होते. मी रिक्षाने जाईन म्हणाले. रिक्षात चढताना कोणाला तरी मला उचलावं लागतं आणि ते मला आवडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःची सायकल घेऊन दारात हजर. सायकल ओट्याला चिकटवून धरली की मला कोणी हात न लावता कॅरिअरवर सरकता येई. शाळेच्या व्हरांड्यालाही तसंच. ते हँडल धरून चालत आणि मी मागे बसलेली. वाटेत दोनदा थांबून गुडघे चोळत. आठ दिवस, जाताना आणि येताना. मी नको म्हटलं की एवढंच म्हणत, "बसा तुमी."

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. मुलगी न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले. पिशवीत बोल्ट, पाचर, हातोडी आणि सुंबा. "तुमचे दंड माझ्यापरीस घट्ट हायेत," म्हणत त्यांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं आणि एक जुनं चाक पुढे ठेवलं. मी हात पुढे करून सुंबा उचलला.

"सुंबा कावून उचलला?"

"जवळ होता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी सुंबा खाली ठेवला आणि हबमध्ये करंगळी घातली.

आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं. चाक पुन्हा कुरकुरत होतं. मी गाडीची कड विटेवर टेकवली, चाक फिरवलं आणि फोन हबजवळ धरला. "कुठल्या बाजूचं गेलंय, काका?"

"परत फिरवा."

मी फिरवलं. तिसऱ्यांदाही फिरवलं.

"बाई, मला बारीक आवाज यायना आता. पोरीला सांगू नका. तुमाला काय वाटतंय?"

"उजवीकडचं गेलंय. डावं बरं आहे."

"मग तसंच आसंल. काढा."

मला वाटलं, ते फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. मी तो स्पीकर लावून ओट्यावर ठेवला, चाक उतरवलं, बोल्ट सरकवला, पलीकडून पाचर ठोकत राहिले. पाऊण तास गेला. मधूनच त्यांचा खोकला ऐकू येई, म्हणजे ते तिथेच होते. शेवटी बेरिंग सुटून फरशीवर पडलं. मी फोन तोंडाशी धरून मोठ्याने सांगितलं, "निघालं, काका."

"हब नीट हाय?"

"नीट आहे."

"दमला का?"

"हो, दमले."

"मग बसा थोडं," ते म्हणाले. "नवीन दुपारून बशिवता येतंय."