विमानतळावरून थेट माझ्या दारात

इक्बाल गेल्याचं त्याच्या मुलानं, आदिलनं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘सुटला’. पोराला वाटलं असेल, काका आजारपणातून सुटला म्हणतायत. आजारबिजार काही नव्हता. मक्केची यात्रा, उमराह, करून विमानानं परत आला आणि अकराव्या दिवशी सकाळी चपला घालता घालता छातीत कळ येऊन गेला. मी म्हणत होतो ते वेगळंच. माझ्या तावडीतून सुटला लेकाचा! बावीस वर्षं ज्या एका वाक्याची वाट बघत होतो, ते न बोलताच गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मलाही कळतं. मला ते जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

ठाण्याच्या एका कारखान्यात आम्ही एकाच शेडमध्ये होतो. तो छताखालची मोठी क्रेन चालवायचा, मी ती दुरुस्त ठेवणारा फिटर. तो कल्याणचा कोकणी मुसलमान, मी कळव्याचा. जेवणाच्या सुट्टीत माझा डबा उघडला की म्हणायचा, “सुध्या, हे काय गवत आणलंस रे?” आणि त्याच्या घरचं सुक्या जवळ्याचं कालवण अर्धं माझ्या झाकणात ओतायचा. माझे वडील इस्पितळात होते तेव्हा सलग चार दिवस शिफ्ट संपवून हा त्यांच्या उशाशी बसलेला. म्हातारा शेवटपर्यंत मला विचारायचा, तो तुझा इक्बाल कसा आहे… माणूस वाईट असता तर मी कधीच विसरून गेलो असतो. चांगला होता, हेच डोक्यात जातं.

एके दिवशी क्रेनचा ब्रेक घसरायला लागला. मी सुपरवायझरला स्पष्ट सांगितलं, क्रेन बंद ठेवा, लायनर बदलल्याशिवाय माल उचलू नका. तेव्हा इक्बाल माझ्या शेजारी उभा होता, इतका शेजारी की माझ्याच तंबाखूच्या पुडीत त्याची बोटं होती. सुपरवायझर म्हणाला, बघू. तिसऱ्या दिवशी लोखंडाचा गठ्ठा सरकला आणि एका हेल्परचा पाय गेला. चौकशी बसली. सुपरवायझरनं हात वर केले, म्हणाला मला कुणी काही सांगितलं नाही. मग इक्बालला विचारलं. मी निर्धास्त होतो. तो खाली बघत म्हणाला, “मला आठवत नाही, साहेब.” झालं! निष्काळजीपणाचा शिक्का मारून मला घरी बसवलं. त्याला तीन लहान मुलं होती, मला माहीत होतं. मलाही दोन होती. पुढं मी कळव्यात मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि इक्बालचं तोंड बघायचं सोडून दिलं.

आणि या वर्षी एक दिवस मोबाइलवर मेसेज. ‘उमराहला जात आहे. कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करावं.’ खाली जोडलेले हात, वर विमानाचं चित्र. त्यांच्यात पद्धत आहे, निघण्याआधी सगळ्यांकडून माफी मागून घ्यायची. चांगली पद्धत आहे, पण लोक त्यासाठी दारोदार जातात. ह्या पठ्ठ्यानं एका फटक्यात सगळ्यांना पाठवून दिलं! दूधवाल्याला जे, तेच मला. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘नकळत काय रे? समोर येऊन बोल.’ दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर जाळीच्या सेफ्टी दरवाज्यापलीकडे इक्बाल. डोक्याचा तुळतुळीत गोटा, पांढरा कुर्ता, हातात मक्केच्या झमझमच्या पाण्याची बाटली, तीन जिने चढून धापा टाकतोय. “घरी गेलो नाही अजून. विमानतळावरून थेट तुझ्याकडे आलोय,” म्हणाला. “माफ कर मला.” मी विचारलं, “कशाबद्दल?” म्हणाला, “सगळ्याबद्दल.” मी म्हटलं, “सगळ्याबद्दल नको. एकाच गोष्टीबद्दल बोल. मी सांगितलं तेव्हा तू तिथं होतास की नाही?” त्याचे ओठ हलले. मी थांबलो, खरंच थांबलो… तो बाटलीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “सुध्या, आत तरी घे रे.” मी जाळीचा दरवाजा उघडला नाही. तो बाटली उंबऱ्याबाहेर ठेवून जिना उतरला. त्यानंतर मला तो दिसला तो जनाज्यातच.

कबरस्तानात आदिलनं सगळ्यांपुढे हात जोडले, अब्बांनी कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. आजूबाजूला सगळे ‘माफ केलं, माफ केलं’ म्हणाले. माझं तोंड उघडलं नाही.

महिन्याभरानं आदिलचा फोन, अम्मीला तुमच्याशी बोलायचंय. कल्याणला गेलो. नसीमवहिनींची इद्दत, नवरा गेल्यावर पाळायचा एकांतवास, चालू होती, त्या पडद्याआड बसून बोलल्या. “भाऊ, आम्ही दोघं परत येताना विमान खाली यायला लागलं, पट्टे बांधा म्हणाले, तेव्हा ह्यांनी माझा हात धरला. पाच तास काही खाल्लं नव्हतं. क्रेनची सगळी गोष्ट तेव्हा सांगितली. ‘सुध्यानं सांगितलेलं, मी ऐकलेलं, नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो.’ इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि हे मला आत्ता कळतंय! इतका राग आला की सामान येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मग म्हटलं, आपल्या घरात पाय ठेवायचा नाही, आधी भाऊंकडे. मी खाली गाडीत होते. हे हसत आले. म्हणाले, ‘सगळं बोललो. सुध्यानं घरात घेतलं, चहा पाजला. साखर जास्त पडलेली.’” पडद्यामागे त्या रडायला लागल्या. “तो चहा तुम्ही पाजलात म्हणून सुखानं गेले हो ते. बोलले ना सगळं?”

मक्केहून आल्याला दोन तास झाले नव्हते आणि जिना उतरेस्तोवर ह्यानं चहा रचला, त्यात साखरही जास्त घातली! मी आदिलकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. आत बाई रडत होती.

“हो वहिनी,” मी म्हणालो. “बोलला.”

घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो. साक्ष खोटी दिली म्हणून ज्याला बावीस वर्षं दारात उभं केलं नाही, त्याच्यासाठी मी खोटी साक्ष देऊन आलो. त्याला निदान नोकरीची भीती होती. मला कसली होती? एक बाई रडत होती, एवढंच… त्याच्यापुढेही तेव्हा तीन पोरं रडत असतील. हे मला सुचायला नको होतं, पण सुचलं, आणि तेव्हापासून धड जेवण जात नाही.

पेपरची ही पुरवणी वहिनींच्या घरी येते. म्हणून इथेच लिहितो. वहिनी, इक्बाल माझ्यापुढे काही बोलला नाही. मी त्याला आत घेतलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला ‘हो’ म्हणालो ते खोटं होतं, ते मी कळून सवरून बोललो, त्याची मला माफी द्या. त्याचं आणि माझं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.