रोगाला न जुमानणारा वाण

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळा बाजार मिनिटकाका म्हणायचा. वेळ पाळतात म्हणून नव्हे, तर कुठलंही काम सांगितलं की "एक मिनिट हं" म्हणून दुपार घालवतात म्हणून. बोटं मात्र अशी की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून ते अलगद जागेवर बसवत. दीड वर्षापूर्वी दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांच्या बायकोसमोरच सुनावलं, "पुन्हा सिगारेट ओढलीत तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही." काकांनी तिथल्या तिथे तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती शपथ जेमतेम आठवडाभर टिकली.

दुकानाच्या मागच्या भिंतीलगत एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी बोळ होती. काका तिथे जाऊन ओढायचे. मग चूळ भरायची, लवंग चघळायची, सदरा झटकायचा आणि शहाण्या मुलासारखं घरी जायचं. तोंडाचा बंदोबस्त अगदी चोख. बोटांचा विचार मात्र त्यांच्या डोक्यात कधी आला नाही.

घरी स्वयंपाकघराच्या मागे बायकोचे टोमॅटो होते. तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यामुळे पानांच्या बेचक्यात फुटणारी बगलफूट खुडायचं काम काकांकडे आलं होतं. दुकानातून आले की चहाच्या आधी ते एकेका झाडाशी बसत आणि घड्याळाचं काम करावं तसे निगुतीनं ते कोवळे फुटवे काढत. तिला ते बघत पायरीवर बसायला आवडायचं.

आणि तरीही झाडं बिघडली. पानांवर फिकट-गडद ठिपके पडले, शेंडे आक्रसले, फळं धरली तीही आतून तपकिरी. तिनं झाडं उपटून टाकली, माती बदलली, आधाराच्या काठ्या उकळत्या पाण्यातून काढल्या आणि पुन्हा त्याच पातळ सालीच्या जुन्या जातीची रोपं लावली. ती महिनाभर छान होती, मग त्यांचीही तीच गत. तिसऱ्या खेपेलाही तेच. दुखऱ्या हातांनी माती उपसणाऱ्या बायकोकडे बघून काकांचा जीव तुटायचा. शेवटी एक दिवस ते चार पानं कागदात गुंडाळून रोपवाल्याकडे गेले.

रोपवाल्यानं पान उजेडात धरलं. "मोझॅक आहे. काका, तुम्ही ओढता का?"

"मी? का?"

"हा तंबाखूतला रोग. सिगारेट धरलेल्या बोटांनी झाडाला हात लावला की लागतो. घरात ओढतं का कोणी?"

"घरात नाही ओढत कोणी," काका म्हणाले. बोळ घरात येत नव्हती, तेव्हा ते तसं खोटं नव्हतं.

रोपवाल्यानं बियांची पाकिटं पुढे मांडली. एक जात मर रोगाला दाद न देणारी, एक मुळांच्या गाठींना, एक पानं मुरडण्याला. सगळ्याला पुरून उरेल अशी एकही नाही. "आपल्याकडे कुठला रोग येतो ते बघून वाण निवडायचा," तो म्हणाला. काकांनी मुकाट्यानं तंबाखूच्या रोगाला न जुमानणारा उचलला.

सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. मध्ये एकदा बरेच दिवस बोळीकडे फिरकलेसुद्धा नव्हते. पण एकदा हातात नाजूक काम असताना बोटं कापायला लागली आणि पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. तिथे धुराचा पहिला झुरका घेताना त्यांना स्वतःची इतकी किळस आली की डोळ्यांत पाणी आलं. तरी सिगारेट संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

"नवी जात आणलीय," त्यांनी घरी सांगितलं. "रोगच धरत नाही."

तिनं पाकीट उलटसुलट करून बराच वेळ वाचलं. "आपली जुनीच बरी होती."

"अगं, जीव आटवलास तू त्या जुन्या जातीपायी."

तरी तिनं ती लावू दिली.

झाडं अशी तरारली की शेजारीपाजारी बघायला आले. पानांवर ठिपका म्हणून नाही, घोसच्या घोस लगडलेले. एका संध्याकाळी काकांनी परडी भरून तिच्यापुढे ठेवली. "आता तरी हस की. का टोमॅटोवर रुसलीस?"

"पहिली झाडं गेली तेव्हाच रोपवाल्यानं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "कशानं होतं ते. हीच जात घ्या म्हणत होता. मीच म्हटलं, नको, जुनी द्या."

काकांचा हात परडीवरच राहिला. "मग मुद्दाम रोग येणारी लावत होतीस?"

"मग काय करणार होते? दुकानात येऊन तुमचे कपडे हुंगत बसू? विचारलं तर तुम्ही नाहीच म्हणणार. झाडाकडे बघून मला कळत तरी होतं. मध्ये ती महिनाभर चांगली राहिली ना, तेव्हा मी रोज सकाळी उठून आधी पानं बघायचे. वाटलं, सुटली तुमची." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता ही काही झालं तरी हिरवीगारच राहणार. आता मला कसं कळायचं हो?"

काका पायरीवर तिच्याशेजारी बसले. सिगारेटचं पाकीट खिशात होतं आणि ते आहे हे तिला माहीत होतं. "ऐक," ते म्हणाले, "मी आजपासून..."

तिनं आपली वाकडी बोटं त्यांच्या तोंडावर ठेवली.

"नका म्हणू," ती म्हणाली. "मला परत खरं वाटेल."