किमान रक्कम आणि बांधाची खांड

मित्रहो, आज सकाळी रोह्याहून पेणला येताना एसटीत शेजारी माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली. ती रोह्याच्या एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीत रील्स बनवते.

"अलिबागला शूट हाय, सर. वडखळला उतरते," ती उत्साहाने म्हणाली. मांडीवरच्या बॅगेत चार नवे ड्रेस होते, लेबलांसकट.

"एवढा खर्च झेपतो?" मी विचारले.

"क्रेडिट कार्ड हाय ना! दर महिन्याला किमान रक्कम भरते. एकदापण चुकवली नाय."

माझ्यातला शिक्षक जागा झाला. "तुमच्या गावी, गडबला, शेताच्या बांधाला खांड पडली आणि खाडीचे पाणी आत शिरले, तर वडील काय करतील?"

"आधी खांड बुजवतील."

"आणि खांड तशीच ठेवून रोज एक बादली पाणी उपसले तर?"

"काय सर! शेत खारं होईल ना."

"किमान रक्कम म्हणजे ती बादली. उरलेल्या रकमेवर व्याज, आणि त्या व्याजावरही व्याज चढत राहते."

तिने बॅगेतल्या ड्रेसची लेबले एकदा चाचपली. वडखळला उतरली आणि रस्ता ओलांडून परतीच्या गाडीसाठी उभी राहिली. "ड्रेस परत करते, सर!" तिने तिथूनच ओरडून सांगितले.

चक्रवाढ व्याज तिला मीच शिकवले होते. पैकीच्या पैकी गुण होते तिला. तिच्या प्रत्येक रीलला मी आवर्जून लाइकचा बदामही देत आलो. खर्च झेपतो का, हे मात्र आज पहिल्यांदा विचारले. तुम्ही कोणाला विचारले आहे का?