मी खोलीत नसते

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीवर पालथी पडलेली होती.

मुलाकडे परदेशात राहायला गेले होते, आणि नातीला पाळणाघरातून घरी आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. तिथल्या खोल्यांना काचेची दारं. उजवीकडे चालत्या मुलांची खोली, डावीकडे अजून पायांवर उभी न राहिलेल्यांची. त्या डाव्या खोलीत एक तिशीतली बाई गादीवर कोपरं टेकून पडली होती आणि तिच्या नाकासमोर एक टकलू बाळ बसलं होतं. बाळाने रांगावं असा तिचा आग्रह, आणि बाळ ढिम्म.

"ये की गं," ती म्हणाली, "किती भाव खाशील?"

चक्क मराठी! मी दार थोडं ढकलून म्हटलं, "खाऊ दे की. मोठेपणी कोण विचारणार आहे तिला?"

शाळा तपासायला साहेब आले की नवखा मास्तर उठतो, तशी ती उठली. एप्रनवरची लाळ पुसली, केस सारखे केले. "आज माणूस कमी होतं," ती म्हणाली, "म्हणून मी जरा बसले."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पालथी. तिसऱ्या दिवशी एकाचा लंगोट बदलत होती. "आजही माणूस कमी?" मी विचारलं. ती हसली, पण कान लाल झाले.

मुलांना तिने 'मावशी' म्हणायला शिकवलं होतं. ज्यांना जेमतेम दोन अक्षरं जमत त्यांच्या तोंडी त्याचं 'माऊ' झालं आणि पुढे साऱ्या पाळणाघरात तेच नाव पडलं. मीही तिला माऊच म्हणू लागले. ती मला 'बाई' म्हणायची. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तिने दुसरं काही म्हणूनच पाहिलं नाही.

शनिवारी ती आमच्याकडे जेवायला येऊ लागली. भाजी चिरता चिरता एकदा तिने सगळं सांगितलं. मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग लहान मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करायला इकडे आली. पदवी मिळाली, पाळणाघरात नोकरी मिळाली. वडील तिकडे प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. त्यांना फोन करून म्हणाली, "बाबा, मला नोकरी लागली. शिकवायची."

"विद्यापीठात?" बाबांनी विचारलं. पाठीमागे आई आनंदाने रडायलाच लागली. आणि ही गप्प राहिली.

"तेव्हा नाही म्हणायला काय झालं होतं तुला?" मी विचारलं.

"जीभच उचलेना, बाई. मग भावाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेत माझ्या नावाआधी 'प्रा.' छापून आलं. पत्रिकेचा फोटो आला तेव्हा वाटलं, आता सांगून टाकावं. पण पत्रिका वाटूनही झाल्या होत्या."

तेव्हापासून घरचा फोन आला की ती खोलीतून उठून जिन्यात जायची. मागे बाळ रडलं तर म्हणायची, शेजारचं आहे.

असं असूनही तिचा त्या कामात जीव होता. कोण कान ओढायला लागला की पेंगतो, कोण भरल्या पोटीही चमचा सोडत नाही, हे ती कौतुकाने सांगत बसायची, आणि सांगता सांगता तिची पोळी गार व्हायची. एका बाईकडे सहा बाळं, हा तिथला नियम. तो बदलून चार करावा म्हणून पाळणाघरांतल्या बायकांनी संघटना काढली होती. तिच्या बाळखोलीतली जोडीदारीण, पिकल्या आखूड केसांची, उभा जन्म याच कामात काढलेली, ही त्या संघटनेचा कणा होती. आम्ही दोघी आपसांत तिला थोरली म्हणायचो. थोरली कामात वाघीण, पण चार लोकांपुढे उभी राहिली की तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्यामुळे शासनाच्या समितीपुढे संघटनेच्या वतीने बोलायला माऊची निवड झाली.

आनंदाच्या भरात तिने समितीपुढे बोलणार असल्याचं घरी सांगून टाकलं. सुनावणी इंटरनेटवर दिसणार होती. सभागृहाच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा बाबांचा फोन आला. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"आम्ही सगळे मोबाइल टीव्हीला जोडून बसलोय. तुझे काका आलेत, वकीलसाहेब आलेत. प्राध्यापक मंडळी सरकारला कसं सुनावतात ते दाखव त्यांना!"

फोन ठेवल्यावर तिने पदर असल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला. अंगात कोट होता.

मी आणि थोरली पहिल्या रांगेत बसलो. मला तिथली भाषा बेताची येते, पण माऊ सावकाश बोलत होती. तिने आगीच्या सरावाचं सांगितलं. भोंगा वाजला की बाईने बाळांना चाकांच्या खाटेत घालून बाहेर न्यायचं. खाटेत चार मावतात. मग उरलेली दोन? एक कडेवर घेतलं तर खाट एका हाताने उंबऱ्यावरून कशी काढायची? थोरली मान डोलावत होती. आठवड्यापूर्वीच त्या सरावात माऊची खाट दारात अडकली होती आणि थोरलीने ती मागून ढकलली होती.

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही स्वतः केलं आहे का? तुम्ही बाळखोलीत काम करता?"

नुसतं 'हो' म्हणणं पुरे होतं.

माऊने वर बसवलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "मी खोलीत नसते. मी प्रशिक्षणाचं काम पाहते. हे मी ऐकलेलं आहे."

"ऐकीव गोष्टींवरून नियम बदलता येत नाहीत," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली.

घरी आल्यावर माऊ आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा फोन सारखा वाजत होता, घरून अभिनंदनाचे निरोप येत होते. तिने तो पालथा घातला.

"सकाळी थोरलीच्याच हातातून बाळ घेतलं होतं मी," ती म्हणाली. "सकाळी! आणि दुपारी तिच्या तोंडावर म्हटलं, मी खोलीत नसते."

"पुन्हा सांगता येत नाही का त्यांना?"

"येतं. पुढच्या बैठकीत दुरुस्ती सांगता येते. पण तीही दिसणारच सगळ्यांना."

"मग आधी घरी सांग."

तिने फोन उचलला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. लंगोटासकट. मग बाबा म्हणाले, "म्हणजे आयाचं काम?"

"हो बाबा."

"त्यासाठी एम.ए. केलंस?"

"त्यासाठी त्याच्यानंतर आणखी शिकले."

आईने फोन घेतला. "अगं पण काकांना आता काय सांगू मी? मघाशीच पेढे दिलेत त्यांना."

"पेढे गोड होते ना आई? मग झालं," माऊ म्हणाली. तिला हसू आवरेना आणि लगेच रडूही. बाबा पुन्हा फोनवर आले नाहीत.

पुढच्या बैठकीला ती पाळणाघरातून थेट आली, कामावरच्याच कपड्यांत. खांद्यावर दुधाचा डाग होता. थोरली माझ्या शेजारी होती. त्या दिवसापासून दोघींत कामापुरतंच बोलणं होतं, पण माऊ दुरुस्ती सांगणार म्हटल्यावर थोरली रजा टाकून आली होती.

माऊ उभी राहिली. "मागच्या खेपेला मी खोटं बोलले. मी बाळखोलीतच काम करते. सहा बाळं घेऊन मीच बाहेर पडत होते आणि माझी खाट दारात अडकली. माझ्या जोडीदारणीने ती सोडवली. ती इथे बसली आहे."

लिहून घेणारा लिहू लागला. अध्यक्षीणबाईंचा आवाज या वेळी मऊ होता. "खोटं का सांगितलंत? नोकरी जाण्याची भीती होती?"

तेवढा आधार त्यांनी पुढे केला होता. तो धरला असता तर कुणालाच खोटा वाटला नसता.

"नाही," माऊ म्हणाली. "लाज वाटली."

"कशाची?"

"या कामाची."

माझ्या शेजारी थोरलीने मांडीवरचे हात उचलले आणि कोटाच्या खिशात घातले. बैठक संपेपर्यंत ते तिने बाहेर काढले नाहीत.

बाहेरच्या पायऱ्यांवर माऊ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. थोरली फार बोलणारी नव्हेच. "मला वाटलं होतं तू घाबरलीस," ती म्हणाली. "घाबरतात माणसं. मीही घाबरते. ते मी केव्हाच सोडून दिलं होतं."

"आता नाही वाटत लाज," माऊ म्हणाली.

"आता तुला तुझी वाटते," थोरली म्हणाली. "ती वेगळी. मी आयुष्यभर हेच केलं. रोज तुझ्या शेजारी बसून केलं." तिने कोटाची बटणं लावली आणि बसच्या थांब्याकडे गेली. माऊ दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली.

घरी येताना ती मला म्हणाली, "बाई, खोटं बोलले तेव्हा इतकं लागलं नव्हतं हो तिला." मी तिचा हात धरला. खरं होतं ते.

समितीने आगीच्या सरावाची गोष्ट अहवालात घेतली. चार मागितली होती, पाच दिली. पाळणाघरात त्या दिवशी बायकांनी टाळ्या वाजवल्या, माऊलाही मिठ्या मारल्या. थोरलीनेही मारली, सगळ्यांबरोबर. संघटनेच्या वतीने आता थोरलीच बोलते. माऊ तिला मुद्दे काढून देते आणि सभेत मागच्या रांगेत बसते. थोरली कागदातून मान वर काढत नाही, अडखळते, पण "तुम्ही स्वतः काम करता का" असं तिला कुणी विचारत नाही.

तिकडे बाबा चार महिन्यांनी बोलू लागले. कुणी लेकीबद्दल विचारलं तर म्हणतात, "तिकडे नोकरीला आहे." प्राध्यापक म्हणत नाहीत, दुसरंही काही म्हणत नाहीत.

थोरलीने वर्षाअखेरीला उजवीकडची, चालत्या मुलांची खोली मागून घेतली. माऊ अजून बाळखोलीतच आहे. सकाळची पाळी असते तिची, आणि तिच्याकडे पाच बाळं आहेत.